शिडी की निसणी?

रंगकाम करणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी साठत जातात. एक चुना, दुसरे किस्से. चुना तरी रॉकेलने... नाही, त्यानेही जात नाही. जाऊ द्या.

मी जळगावचा, माझा पार्टनर नथू धुळ्याकडच्या सोनगीरचा. टीव्हीचे अँटेना घरोघरी उगवत होते, तेव्हाची गोष्ट. दोघांत मिळून एकच बांबूची शिडी, आम्हीच बांधलेली. मी तिला शिडी म्हणायचो, तो निसणी. खरा शब्द कोणता, यावर आमचं रोज वाजायचं. शाळा मी तिसरीत सोडली, त्याने दुसरीत. म्हणजे मीच जास्त शिकलेला!

एकदा नथू वर छताला कुंचला मारत होता. शिडी सरकायला लागली.

"भाऊ, निसणी धर!"

"आधी शिडी म्हण. मग धरतो."

"निसणीच शे ती!"

आला खाली. चुन्याचा पंजा छतापासून जमिनीपर्यंत भिंतीवर ओढत आला. घरमालकीण धावत आली, भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अय्या, नवीन डिझाइन! पलीकडच्या भिंतीलाही काढा ना!"

नथू परत वर चढला. मला आजही कळत नाही, रागावून की खूश होऊन.

दुसऱ्या एका वेळी धुळ्याच्या स्टँडवर एसटीच्या टपावर शिडी चढवली. कंडक्टरने विचारलं, "वर काय टाकलं?"

मी म्हणालो, "शिडी." नथू म्हणाला, "निसणी."

"दोन लगेज!"

"अहो, वर चढून बघा, एकच आहे!"

"मी कशाला चढू? दोघांनी दोन सांगितली. आधी तुमचं एक ठरवा, मग एक तिकीट फाडतो."

नाही ठरलं. दोन फाडली.

धुळ्यात एका प्रोफेसरांचं घर रंगवत होतो. नथू म्हणाला, यांनाच विचारू. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "दोन्ही बरोबर. शिडी काय, निसणी काय, मुळात एकाच घरचे शब्द. संस्कृतात त्यांचं मूळ म्हणजे टेकणं. जी टेकते, ती शिडी. इंग्रजांची लॅडरसुद्धा त्यातलीच, लांबची नातेवाईक."

"आणि टेकायला भिंतच नसली तर?"

"तर नुसते बांबू."

माझं डोकं गरगरलं. दोघंही बरोबर, मग इतकी वर्षं भांडलो कशावर? नथूचं तोंड तर पार उतरलं. संध्याकाळी तो म्हणाला, "आते वायलं व्हवानं." वेगळं व्हायचं! हरला असता तर राहिला असता. जिंकला असता तरी राहिला असता. बरोबरीत सुटला म्हणून पार्टनरशिप मोडली. याला काय म्हणणार?

शिडी करवतीने मधोमध कापली. वरची निम्मी कोणाची, यावर पुन्हा भांडण. "मन्हा हात वर पोचस, वरली मन्ही," म्हणत तो घेऊन गेला.

मग बोलणं बंद. निम्म्या शिडीवर काम कोण देणार? मी ओटे आणि कुंपणं रंगवत फिरलो. तिकडे तोही तेच करत होता म्हणे.

शेवटी जळगावातल्या मेहरूणच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाने घाईघाईत दोघांनाही बोलावलं. उद्या लग्न, आणि हॉलच्या मधोमध छताला ओल फुटलेली. भिंती लांब. माझी निम्मी टेकायला काही नाही, त्याचीही तीच गत. मालक ओरडत होता, "रंगारी आहात का कोण?"

नथूने आपली निम्मी आणून माझ्या निम्मीसमोर तिरकी उभी केली. वरची टोकं सुतळीने आवळून बांधली. एका बाजूने तो चढला, दुसऱ्या बाजूने मी. नाकासमोर नाक. माझ्या बाजूचं रंगवणं आधी संपलं. मी एक पाय खाली टाकला.

"भाऊ, उतरू नको! तू उतरना का मी पडसू!"

केवढ्या दिवसांनी बोलला!

मी म्हणालो, "आधी शिडी म्हण."

"निसणी!"

वऱ्हाड आलं, तेव्हा आम्ही दोघं वरच होतो.