बखीतची जागा

रेहान बखीत बखीत, रेल्वेचे गँगमन, पुढे मुकादम: जन्म १ जानेवारी १९२२, मृत्यू ९ ऑगस्ट १९८८. पत्नी अत्तोमा अब्दुर्रझाक: जन्म १९३०, मृत्यू १४ मार्च २००४. राहणार अत्बरा, सुदान.

यांपैकी रेहान यांची जन्मतारीख खरी मानू नये. ज्यांच्या जन्माची नोंद नसे, त्यांचे वय दात पाहून ठरवीत आणि तारीख सर्वांनाच एक जानेवारी देत. आमच्या एका गल्लीत त्या दिवशी जन्मलेले एकोणीस पुरुष होते. नावातील दुसरा बखीतही खरा नाही. भरतीच्या कारकुनाला बाप आणि आजा, दोन्ही नावे हवी होती. रेहान यांना आजा ठाऊक नव्हता. त्यांनी बापाचेच नाव पुन्हा सांगितले.

१९४९ साली मागणी घालायला गेलेल्या रेहान यांना अत्तोमांच्या भावांनी सात पूर्वजांची नावे म्हणून दाखवायला सांगितले. ते एकावर थांबले. भावांनी नकार दिला. अत्तोमा काझींसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि काझींनी स्वतः पालक होऊन निकाह लावला. संसाराची पहिली नऊ वर्षे वाळवंटातल्या सहा नंबर स्टेशनवर गेली. तिकडे स्टेशनांनाही नावे नाहीत, नुसते आकडे आहेत.

१९९७ मध्ये त्यांची नात इख्लास हिचे लग्न ठरले. वराचे चुलते हसबुर्रसूल यांनी अट घातली, की बोलणी पक्की करण्याच्या दिवशी मुलीकडची वंशावळ सर्वांसमोर वाचली जावी. मी शेजारी आणि निवृत्त शिक्षक, म्हणून लेखनाचे काम माझ्याकडे आले. जुने कागद मागताच अत्तोमांनी पत्र्याच्या पेटीतून एक दाखला काढून दिला: ‘बखीत, वय सुमारे बारा, आजपासून स्वतंत्र. १९०३.’ रेहान यांचे वडील गुलाम होते. रेहान यांनी हा कागद लग्नापूर्वीच अत्तोमांना दाखवला होता.

हसबुर्रसूल तो वाचून गडबडले, पण तोडगा त्यांच्या खिशातच होता.

“उस्ताद, यात अवघड काय? आमच्या वंशवृक्षावर एक निपुत्रिक फांदी आहे. दीडशे वर्षं रिकामी. बखीतला तिथं बसवा. थेट पैगंबरांच्या चुलत्यापर्यंत पोचतो!”

“माझा सासरा म्हणजे काय लिंबाचं कलम आहे?” अत्तोमा म्हणाल्या.

“हाज्जा, पोरीचं भलं बघा.”

“तेच बघतेय. आणि काय हो, मेल्यावर दीडशे वर्षांनी तुमच्या पणज्याच्या भावाला मुलगा झाला, त्याची मिठाई कुठाय?”

ते गेल्यावर मी सुचवले, की बखीतची जागा कोरी ठेवावी.

“लाज वाटते, उस्ताद?”

“नाही.”

“मग शाई संपली?”

अत्तोमा नातीकडे वळल्या. “लग्न तुझं. मोडलं तर तुझं मोडेल. बोल.”

“तुझा चष्मा फुटलाय, आजी,” इख्लास म्हणाली. “मीच वाचीन.”

शुक्रवारी दुपारी ती बायकांच्या आणि पुरुषांच्या बैठकींमधल्या दारात उभी राहिली. आमच्याकडे अशी कोणी मुलगी उभी राहत नाही. तिने वाचले: “रेहान, बखीतचा मुलगा. बखीत, गुलाम होता, मुक्त झाला, समुद्राकडच्या रेल्वेमार्गावर त्यानं खडी वाहिली. त्याच्या बापाचं नाव आम्हाला माहीत नाही.”

हसबुर्रसूल उठले. त्यांच्यामागून अकरा जण चपला शोधू लागले. वर, मुझम्मिल, मान खाली घालून बसून राहिला. मला वाटले, संपले. इतक्यात बायकांतून त्याच्या आईने लग्न ठरल्यावर देतात ती आनंदाची किलकारी दिली, एकटीने, आणि अत्तोमांनी तिला साथ दिली. मुझम्मिलने मान वर केली. “काका, चहा घेऊन तरी जा,” तो म्हणाला, “मी थांबतोय.”

निकाह पुढील महिन्यात झाला. काका आले नाहीत. पुढेही ते या घरात आलेले नाहीत. वंशावळ आणि दाखला इख्लासकडे आहेत. बखीतला कोणत्या गावातून पकडून आणले, त्याच्या आईचे नाव काय, याचा पत्ता मला लागला नाही. तेवढे काम माझ्याकडून राहिले. मालकाचे नाव मात्र दाखल्यावर ठळक अक्षरांत आहे. अत्तोमांच्या सांगण्यावरून ते मी वंशावळीत घेतलेले नाही.