चाक गेलंय तितंच

मळवलीला शेजारच्या बंगल्याची राखण करणारे म्हातारे आबा कधी गवतातून चालत नसत. दोन्ही फाटकांमध्ये मोकळं रान होतं, तरी ते लांबचा वळसा घालून, गाड्यांच्या चाकोरीतूनच आमच्याकडे चहाला यायचे.

"आबा, गवतातून जवळ पडतं की," एकदा मी म्हटलं.

"इटलीत लढाईला गेलतो, तवा जवळनं गेलेलं लय जण सुरुंगावर उडालं. चाक गेलंय तितंच पाय ठेवायचा."

त्या लढाईला तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती.

एका सकाळी आबा चहाला आले असताना माझी तीन वर्षांची मुलगी फुलपाखरामागे त्या गवतात शिरली आणि जवळजवळ पलीकडच्या फाटकापर्यंत पोचली. "पोरी, हलू नगंस," आबा ओरडले. मी धावणार तोच त्यांनी मला हाताने अडवलं आणि एकेक पाऊल चाचपत स्वतः आत गेले. तिला उचलून आपल्याच पावलांवरून परत आले. मुलगी खिदळत होती. आबा पायरीवर टेकले, टोपीने घाम पुसला.

"तितं काय बी न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहाला आबा गवतातून आले. खाली बघत, कालच्याच दबलेल्या पावलांवर नेमका पाय ठेवत आले, पण जवळच्या वाटेने आले.