हॉल की भरीत

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीची एक मोकळी जागा आहे. हिवाळ्यात तिथे सगळ्यांची भरीत पार्टी होते, उन्हाळ्यात बायका ज्वारीचे बिबडे वाळत घालतात. तिथे हॉल बांधायचं नगरसेवकाच्या डोक्यात आलं. कॉलनी हो म्हणाली तरच बांधू, म्हणाला. भरीत पार्टीला सगळे असतातच, तिथेच हात वर करून ठरवू.

मी लगेच पत्रक काढलं. "खुली जागा गिळणाऱ्यांना जाब विचारा!" खाली नियम, आरक्षण, सगळं. मी घरोघर फिरलो. लोकांनी माना डोलावल्या. आई तर शेजारणीला अभिमानाने सांगत होती, "जागा आपली आहे, कुणाच्या बापाची नाही." माझंच वाक्य!

मग तो आला. दोंडाईचाचा. कॉलेजात आम्ही एकाच टेबलावर बसून पत्रकं लिहायला शिकलो होतो, आणि माझी त्याच्यापेक्षा चांगली असायची. आता तो नगरसेवकाच्या बाजूने, हॉलचा प्रचार करायला. पठ्ठ्याने एक कागद छापला नाही. आमच्याच ओट्यावर चहा घेत आईला म्हणाला, "अक्का, पोरनं लगीन हायवेवरना लॉनमा करशी का? दारमा हॉल व्हयना तं कितलं बेस!"

बहिणीचं लग्न ठरत होतं; दारातच हॉल झाला तर हायवेवरचं लॉन कशाला? तेवढं पुरलं. दोन दिवसांत अख्खी गल्ली म्हणू लागली, हॉल पाहिजे. आई म्हणाली, "बरोबर बोलतो तो."

"आणि जागेचं काय? परवा तूच म्हणत होतीस!"

"ते पण बरोबर होतं."

मला झोंबलं. जागा तीच, माणसं तीच. मी चोरी दाखवत होतो, त्याने लग्न दाखवलं, आणि माझी चोरी कुणाला दिसेनाशी झाली. यालाच जनमत म्हणायचं? खरं सांगायचं तर त्या वेळी मला जनमताची फिकीर नव्हती. आई त्याच्या वाक्यावर ज्या मायेने हसली, तशी माझ्या पत्रकावर कधी हसली नव्हती.

पार्टीच्या दिवशी मैदानात कपाशीच्या काड्या रचल्या, वर हिरवी वांगी. आग पेटेना म्हणून आईने घरातून माझी उरलेली पत्रकं आणली.

"अगं, ती पत्रकं आहेत!"

"कागद चांगला आहे, लवकर पेटतो."

समोर तो पोट धरून हसत होता. "भाऊ, आत्ता पेटलं बघ तुझं आंदोलन!"

माझं डोकं फिरलं. नियम, आरक्षण सगळं विसरलो आणि ओरडलो, "पुढच्या वर्षी ही वांगी कुठे भाजणार? हॉलच्या फरशीवर?"

भरताच्या लाकडी बडगीत मिरच्या ठेचणाऱ्यांचे हात थांबले.

"गच्चीवर भाजू," तो म्हणाला.

"तुझ्या गच्चीवर भाज," आई म्हणाली. "मी एवढ्या काड्या घेऊन जिने नाही चढणार."

सगळे हसले. या वेळी त्याला. थोड्या वेळाने नगरसेवकाने विचारलं, तेव्हा हॉलसाठी चार-दोनच हात वर झाले. जागा वाचली.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी मोडत तो शेजारी येऊन बसला. "शेवटी माझ्यासारखं बोललास. कागदावर असलं कधी येत नाही तुझ्या."

जिंकलो होतो, तरी ताट ठेवून उठलो. मी आईला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की काय हवंय तुम्हाला? हॉल की मैदान?"

"दोन्ही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एका वेळी एकच विचारता, त्याला आम्ही काय करू?"

तो दोंडाईचाला जायला निघाला, तेव्हा आईने त्याला भरताचा डबा भरून दिला, वर ठेचा वेगळा.

"जपून जा रे बाबा. लग्नाला ये."

मला तिने रिकामी बडगी धुवायला दिली.