हिंगाच्या डबीतला दिवा

आमच्या सोसायटीतले सायकलवाले रविवारी चांगलं उजाडल्यावर बाहेर पडतात, तरी प्रत्येकाच्या सायकलला पुढे-मागे दिवे. भर उन्हात लुकलुकत जातात. मला त्यांची कीव यायची. पाना कशाशी खातात ते ठाऊक नाही, सगळं विकतचं, आणि म्हणे सायकलिंग!

म्हणूनच आमचा मासेवाला एकदा पहाटेच्या कंटेनर-ट्रेलरांबद्दल बोलला तेव्हा मला स्फुरण चढलं. तो अंधारातच खाडीकाठच्या गावातून बिनदिव्याच्या सायकलवर पनवेलला येतो, मागे कॅरिअरला माशांचा मोठा क्रेट बांधून. गेल्या महिन्यात एक ट्रेलर त्याला घासून गेला होता. बायको धंदा सोड म्हणून मागे लागली होती.

"दिवा मी करून देतो," मी म्हणालो. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, हेही दोनदा सांगितलं.

मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी फोडून त्यातला एक चालू सेल काढला. तीन पांढरे एलईडी हिंगाच्या रिकाम्या डबीत बसवले. त्या डबीचं झाकण घट्ट बसतं, पाणी शिरत नाही. तळाला भोक पाडून जुन्या टॉर्चची काच चिकटवली. बोटं भाजली, घरभर हिंगाचा आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. "बाजारात मिळतो की," बायको म्हणाली. असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही.

मासेवाल्याच्या हँडलवर मी स्वतः दिवा आवळला. त्याने तो पेटवून पाहिला आणि मान खाजवली.

"साहेब, यो मागं लावा ना. रस्ता मना पाठ हाय. मागून येनाऱ्याला मी दिसत नाय."

मला हसू आलं. "अहो, पांढरा दिवा मागे लावतात का कुणी? हा हेडलाइट आहे." माणूस मासे विकतो, त्याला काय कळणार, असंच माझ्या मनात होतं.  जाताना तो कोलंबीचा एक वाटा पैसे न घेता देऊन गेला.

पंधरा दिवसांनी मी साडूला पहाटपाळीसाठी उरणच्या बंदरावर सोडून गाडीने परतत होतो. अजून अंधारच होता. समोरून येणाऱ्या ट्रेलरच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो गेला आणि एकदम बॉनेटसमोर क्रेट! मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी वीतभर अलीकडे थांबली. क्रेटच्या पलीकडे माझा दिवा झकास उजेड पाडत होता. खड्डा न् खड्डा दिसत होता, फक्त माणूस दिसत नव्हता.

तो तावातावाने खिडकीशी आला, मला ओळखलं आणि शिवी गिळली.

"तुमी हाव काय! मना वाटला कुनी येडा हाय."

 मला लाज वाटली. त्याच सकाळी सायकलचं दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर जाऊन उभा राहिलो. लाल दिवा घेतला आणि दुपारी मासळी बाजारात जाऊन त्याच्या क्रेटच्या मागे बांधला.

त्याने दिवा उलटसुलट निरखला. "यो पन तुमी बनवला?"

"नाही. विकतचा आहे."

"मंग बरा हाय," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.