ताटलीतलं पाणी

गच्चीवरची काचेची खोली माझी, असं मी समजत होतो. मांजराला ते कुणी सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या उन्हात झाडं टिकावीत म्हणून मी वर हिरवी जाळी ताणायची, फरशीवर पाणी शिंपडायचं, आणि त्यानं नेच्याच्या कुंडीत ऐसपैस लोळायचं. घरातल्या वाटीला तोंडही न लावता कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी प्यायचं.

यंदा जास्वंदींवर पिठ्या ढेकूण पडला. बायकोनं करून दिलेला निंबोळी अर्क आठ दिवस फवारला, पण तो हलेना. माझं डोकं फिरलं. दर्यापूरला भावाच्या शेतावर गेलो तेव्हा कपाशीवर फवारून उरलेली बाटली घेऊन आलो. कपाशीला चालतं ते जास्वंदीला का नको? बायको नको म्हणेल हे माहीत होतं, म्हणून तिला सांगितलं, निंबोळीच आहे. टोपणानं अंदाजे मापून फवारलं, उरलेलं कुंड्यांत ओतलं, दार लावलं. झाडं उकडतील म्हणून खिडकी मात्र वीतभर उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांजर जिन्यात सापडलं. तोंडातून लाळ, चारही पाय थरथरत होते. बायकोनं त्याला टॉवेलात गुंडाळलं, मी स्कूटर काढली.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाल-बील खाल्ली असन," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"घरात काही फवारलं का?"

मी मांजराभोवतीचा टॉवेल सारखा करू लागलो. बायकोच पुढे झाली. "फवारलं ना, पण निंबोळी हाय ते. मीच करून देतो. त्यानं काय होते?"

मांजराच्या घशात घरघर सुरू झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"निंबोळी नव्हती," मी म्हणालो. "कपाशीवरचं औषध व्हतं."

"हे आधी नाही सांगता येत?" डॉक्टर ओरडले आणि हातातली सुई बाजूला टाकून दुसरी भरू लागले. बायकोचा पदर लाळेनं भिजला होता.

संध्याकाळी श्वास सुधारला. तिसऱ्या दिवशी मांजर दूध प्यायलं.

मग खोली नव्यानं लावायला घेतली. जास्वंदी मातीसकट पोत्यांत बांधल्या, ताटल्या सगळ्या काढल्या, मांजरासाठी खालची जागा मोकळी ठेवून उरलेल्या कुंड्या वर टांगायच्या ठरवल्या. बायको मुकाट्यानं हाताखाली काम करत होती. एक लांब फळी दोघांनी उचलली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"डॉक्टरनं फवारणीचं इचारलंच नसतं, तर तुमी सांगतलं असतं का?"

"हो," मी लगेच म्हणालो.

"खरं सांगा."

फळी तशीच दोघांच्या हातात होती.

"नाही," मी म्हणालो.

तिनं आपल्याकडचं टोक खाली ठेवलं आणि जिना उतरून गेली.