चौथा खिळा

कल्याणला माझं फ्रेमचं दुकान होतं. देव आणि गेलेली माणसं, यांच्यावर आमचा धंदा. शाळा चौथीत सोडली, पण काच कापायला मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास रद्दीतल्या इंग्रजी मासिकातून एका गोऱ्या गाणाऱ्याचा फोटो निघाला. केस कपाळावर, नजर थेट आपल्यावर, मागे करडा पडदा. रद्दीवाला म्हणाला, "साठ सालच्या बँडमधला आहे. चौघं होते."

झालं. बाकीचे दिसतात कसे, हा किडा डोक्यात शिरला. ठाणं, डोंबिवली, जिथे रद्दी तिथे मी. तसेच आणखी दोन फोटो मिळाले. त्यांचं गाणं मात्र कधी ऐकलं नाही. दुकानात चार खिळे ठोकले, तीन भरले.

बायको म्हणायची, "हे आहेत की गेले? गेले असतील तर हार घाला, नाहीतर उतरवा." मला ठाऊक नव्हतं. म्हणून हार घातला नाही, आणि उतरवलेही नाहीत.

काही वर्षांनी टिटवाळ्याची एक म्हातारी काच फुटलेली फ्रेम घेऊन आली. वर चंदनाचा हार आणि आत माझा चौथा. तसाच कागद, मागे तसाच करडा पडदा.

"मावशी, हे कधी गेले?"

"हा? मला काय ठाऊक. गेला तो माझा भाऊ. त्याचा एकही फोटो नाही घरात. हा त्याने खाटेजवळ लावलेला असायचा. श्राद्धाला मी हाच ठेवते."

"मला द्या. पेंटरकडून भावाचं चित्र काढून देतो."

"पेंटरने बघितलाय माझा भाऊ?"

मी काही सोडणारा नव्हतो. "मग या तिघांतला एक घ्या. सगळे सारखेच."

"सारखे असते तर तू चौथ्यासाठी कशाला अडला असतास रे? काच बसव. मी बाजार करून येते."

काच बसवली. हार काढून ठेवला आणि फ्रेम चौथ्या खिळ्याला लावली. तिघं समोर बघत होते, हा एकटा बाजूला. शेजारी लागल्यावर वाटलं, तो त्या तिघांकडे बघून हसू दाबतोय.

म्हातारी पिशवी घेऊन दारात थबकली. चौघांवरून नजर फिरवली.

"मला वाटायचं, हा दाराकडे बघतो," म्हणाली.

मग तिने स्वतःच हार घातला आणि फ्रेम पदराखाली घेऊन गेली.

गिऱ्हाइकं म्हणायची, तिथे कॅलेंडर लावा. मी म्हणायचो, ती जागा दिलेली आहे. दुकान रंगवलं तेव्हाही तो खिळा मी काढू दिला नाही.