सावली की जळालेलं रान

कात्रपला आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो. तरी त्याची खरी ओळख मला झाली ती कॉम्प्युटरवर. उपग्रहांनी वरून टिपलेली चित्रं लावून बसायचं, रान कधी हिरवं होतं, कधी वाळतं, आणि उन्हाळे तापत चाललेत तसा त्यात काय फरक पडतोय ते शोधायचं, हे माझं काम. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आभाळातून झाडं बघते."

त्या मार्चमध्ये उतारावरचा एक तुकडा मला स्वस्थ बसू देत नव्हता. आजूबाजूची झाडी अजून तग धरून होती आणि हा तुकडा मात्र इतर वर्षांपेक्षा फार लवकर पिवळा पडला होता. झाडं तोडली, की उभ्या उभ्या वाळली? चित्रातून ते कळेना. जाऊन बघणं भाग होतं.

"एकटी जायचं नाहीस," बाबा म्हणाले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांचा जन्म गेला. आता गुडघा दुखायचा, पण हट्ट कमी झाला नव्हता. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले नवे बूट घालून ते सकाळीच दाराशी उभे राहिले. आईने डबा दिला आणि आम्ही निघालो.

तुकडा सापडला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. एकही झाड तोडलेलं नव्हतं. सगळी जागच्या जागी उभी होती आणि शेंड्याकडून वाळत खाली आली होती. मी एका फांदीला हात लावला तर ती कट्कन तुटून हातात आली. कुणी कुऱ्हाड चालवली असती तर एक वेळ बरं, असं मनात येऊन गेलं. तोडणाऱ्याला अडवता तरी येतं.

मी फोटो काढत होते. बाबा एकदम म्हणाले, "कसला वास येतोय?"

खालून, जरा डावीकडून, धूर येत होता. आधी पांढरा, मग बघता बघता काळपट. कोणीतरी गवत पेटवलं असणार किंवा विडी टाकली असणार, कोण जाणे. कमरेएवढं वाळकं गवत आमच्यापर्यंत सलग पसरलेलं होतं आणि वारा खालून वर वाहत होता. तडतड ऐकू यायला लागली.

"वर चल. खिंडीतून पलीकडे उतरू," बाबा म्हणाले आणि वळलेसुद्धा.

"नाही बाबा! चढावर आग आपल्यापेक्षा जोरात धावते. तुमच्या गुडघ्याने नाही जमणार."

"मग काय इथे थांबायचं?"

मी मोबाईल काढला. आदल्या दिवशी आलेलं ताजं चित्र त्यात साठवलेलं होतं. आम्ही उभे होतो त्याच्या डावीकडे, एका घळीपलीकडे, काळा पट्टा दिसत होता. ते आधीच जळून गेलेलं रान असेल तर तिथे पुन्हा जळायला काही शिल्लक नव्हतं. पण उपग्रह सकाळी, ऊन तिरकं असताना, वरून जातो आणि उभ्या कड्याची सावलीही चित्रात तशीच काळी दिसते. ते तपासायची सोय असते. मी अजून तपासलं नव्हतं. घळीमुळे इथून प्रत्यक्षही काही दिसत नव्हतं.

"डावीकडे जायचं," मी म्हटलं.

"अगं, तिकडे धूर आहे! आगीकडे कशाला जायचं?"

"तिकडे जळून गेलेलं आहे सगळं."

"तू बघितलंस?"

"चित्रात बघितलंय."

बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. माझा आवाज थरथरत होता आणि तो त्यांना ऐकू आला असणार. तरी त्यांनी हात पुढे केला. "चल."

घळीत उतरताना ते घसरले. दगडावर हात टेकले, सोलपटून निघाले. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत होते. धुराने काही दिसत नव्हतं, श्वास घेतला की छातीत टोचत होतं. एकच विचार डोक्यात घण घालत होता: सावली निघाली तर? मी माझ्या बापाला स्वतःच्या हाताने आगीत नेतेय.

घळीची पलीकडची कड चढलो आणि पायाखालून राख उडाली.

लांबवर नुसतं काळं. गवताची खुंटंसुद्धा उरली नव्हती. मला रडू फुटलं. आम्ही मधोमध जाऊन खाली बसलो, बाटलीतल्या पाण्याने भिजवलेले रुमाल तोंडावर धरले. आग आम्ही सोडलेल्या उतारावरून वर गेली. माझी ती वाळलेली झाडं एकेक करून पेटली. ज्वाळा घळीपर्यंत आल्या, दोन-तीनदा ठिणग्या आमच्या अंगाशी पडल्या, विझल्या. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून होते. खिंडीकडे जाणारी वाट दिसेनाशी झाली तेव्हा मात्र त्यांचा हात घट्ट झाला.

धूर विरल्यावर आम्ही जळून गेलेल्या बाजूनेच उतरलो. खालच्या पाड्यातली माणसं आग झोडपून विझवायला निर्गुडीच्या फांद्या घेऊन धावत वर येत होती. एका बाईने आम्हाला पाणी दिलं आणि बाबांचे हात बघून म्हणाली, "देव पावला तुम्हांला."

आईला आम्ही फक्त घसरल्याचं सांगितलं. कपड्यांना येणारा वास तिला कळला नसेल असं मला वाटत नाही, पण तिने विचारलं नाही. बाबांच्या हातांना मलमपट्टी झाली. मला मात्र रात्री झोप लागेना. डोळे मिटले की तडतड ऐकू यायची.

काही दिवसांनी त्या उताराचं नवं चित्र आलं. काळा पट्टा घळ ओलांडून खिंडीपर्यंत पोचला होता. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिले.

"यात माणसं दिसतात का गं?"

"नाही बाबा. यातल्या एका ठिपक्यात आपलं अख्खं घर मावेल."

"मग ठीक आहे," ते हळूच म्हणाले, "आईला दाखवायला हरकत नाही."